विहीणबाईंचा डावा हात

जयवंताबाई माझ्या विहीणबाई, म्हणजे माझ्या ऋषिकेशच्या सासूबाई. मी मुलाची आई, त्या मुलीची आई. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळा घोळ तिथूनच आहे.

मी सत्यवती. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, शिट्टी वाजवून पोरींना रांगेत उभं केलं आणि आता मनीषनगरात राहते. माझा आवाज मोठा आहे. आमचे हे, वामनराव, म्हणतात की मी कानात बोलले तरी खालचा वॉचमन वर बघतो. एरवी मी शुद्ध बोलते, पण राग आला की माझी शाळा सुटते आणि मग निघते ती अस्सल नागपुरी.

जयवंताबाईंचं अगदी उलट. माहेर काटोलकडचं, लग्न होऊन कळमन्याला आल्या. रुपरावजींची गावाकडे थोडी शेती, ते आठवड्यातले चार दिवस तिकडेच. या इकडे कळमन्याच्या बाजारात संत्री निवडतात. मोठं इकडे, बारकं तिकडे, डाग असलेलं मागं. सव्वीस वर्षं हेच काम. आवाज असा की फोनवर बोलल्या तर फोन लागला की नाही अशी शंका यावी. माझ्याकडे आल्या की बारा वर्षांत एकदाही सोफ्याला टेकून बसल्या नाहीत. मी चहा दिला की उभं राहून घेत, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? मुलाच्या आईला मान मिळतो तेव्हा तो फार गोड लागतो.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीला आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. नुसतं वाण लुटण्यात काय मजा, म्हणून मी पन्नाशीपुढच्या बायकांची शर्यत ठेवली. गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. माझ्या पायात चांगले बूट, आणि मनात आधीच पहिला नंबर. जयवंताबाई आपल्या कोपऱ्यात तिळगूळ हातात धरून उभ्या. सूनबाई, म्हणजे त्यांचीच श्वेता, त्यांना म्हणाली, "आई, तूही धाव ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोठ्या मनानं मान हलवली.

बाई लुगड्यात धावली हो. अनवाणी. मी अर्ध्यात होते तेव्हा ती टाकीला हात लावून परत वळून माझ्याकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर काय तर भीती. मला हरवलं म्हणून भीती. मी दुसरी आले. तिसरीत आणि माझ्यात बरंच अंतर होतं, हेही लक्षात असू द्या.

धाप टाकत मी विचारलं, "कुठे शिकल्या तुम्ही हे?"

"शिकली कुठची जी," त्या म्हणाल्या. "सकाळी संत्र्याची गाडी आली का पळा लागते. ज्या बाया पहिले पोचल्या त्यायले त्या गाडीचं काम. मागं राहिली ते घरी."

सव्वीस वर्षं रोज सकाळी गाडीच्या दिशेनं सरळ रेषेत पळत सुटणारी बाई माझ्या घरी चहा उभ्यानं पीत होती, आणि मी पीटीची मास्तरीण असून मला त्याचा पत्ता नव्हता. माझा जळफळाट झाला. पण जळफळाट संपल्यावर जे उरलं ते मास्तरणीचं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मैदानावर घेऊन गेले.

त्याच सुमारास कळलं की साठीपुढच्या माणसांचे आशियाई खेळ पहिल्यांदाच भरणार आहेत, आणि तेही आपल्या नागपुरात, पुढच्या फेब्रुवारीत. अकरा देश, सात खेळ. निवड चाचणी सप्टेंबरात झाली. बायकांच्या चार बाय शंभर रिलेसाठी चौघी निवडल्या गेल्या. केरळच्या लीलाम्मा, हरियाणाच्या संतोषबाई, मी आणि जयवंताबाई. दोन्ही विहिणी एका संघात. वामनरावांनी ही बातमी अख्ख्या कॉलनीत अशी सांगितली की जणू धावणार तेच होते.

धावायचा पोशाख आला तेव्हा जयवंताबाई पिशवी घेऊन आधी रुपरावजींकडे गेल्या. पॅन्ट घालू का, म्हणून. रुपरावजींनी शर्टावरची भारत ही अक्षरं बोटानं चाचपून पाहिली आणि म्हणाले, "देशाचा कपडा होय. घाल." मग त्यांनी घातला आणि दिवसभर पदर कुठे घेऊ ते विचारत राहिल्या.

आता रिलेचं थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिली धावणारी दांडी उजव्या हातात धरते आणि दुसरीच्या डाव्या हातात देते. दुसरी ती डाव्या हातातच ठेवून धावते आणि डाव्यानंच तिसरीच्या उजव्या हातात देते. तिसरी उजव्यानं चौथीच्या डाव्यात. हात बदलायचा नाही, बदलला की वेळ जातो आणि दांडी पडायची भीती. घेणारी मागे वळून बघतही नाही, हात मागे करून पुढे धावत सुटते. आमचे कोच दुर्गेश सर, वयानं माझ्या ऋषिकेशएवढे, यांनी क्रम लावला. लीलाम्मा पहिल्या. जयवंताबाई दुसऱ्या, कारण त्यांना सरळ पट्टीच जमते, वळणावर त्या थेट दुसऱ्या देशात शिरतात. तिसरी मी. शेवटच्या संतोषबाई.

म्हणजे जयवंताबाईंनी डाव्या हातानं दांडी कोणाला द्यायची? मला. विहिणीला. वरमायला.

शिबिर दहा दिवसांचं होतं. रोज सकाळी त्या डाव्या हातानं दांडी देत आणि लगेच उजवा हात कपाळाला लावत. "माफ करा विहीणबाई." रोज, प्रत्येक वेळी. लीलाम्मांना मराठी येत नव्हतं, त्यांना वाटलं हा आमच्याकडचा धावायचाच काही प्रकार असेल, म्हणून दोन दिवस त्याही दांडी देऊन कपाळाला हात लावत राहिल्या. आम्ही हसून हसून बेजार. दुर्गेश सर म्हणाले, "दांडी पोचल्यावर काही करा, आधी पोचू द्या." आणि ती पोचत होती, झकास पोचत होती.

भारताची कामगिरी म्हणाल तर पहिले दोन दिवस न बोललेलंच बरं. टेबल टेनिसवाल्यांची कंबर पहिल्याच सामन्यात धरली. पोहणारे एक काका सकाळच्या गार पाण्याला पाय लावून जे मागे सरकले ते सरकलेच. चालण्याच्या शर्यतीत आमचे दोघे बाद, का तर चालता चालता उत्साहात धावायला लागले. तिसऱ्या दिवशी मात्र कॅरमनं लाज राखली, दोन्ही सुवर्णपदकं आपली. तिरंदाजीत एक रौप्य आलं. मग लोक यायला लागले. शुक्रवारी रिलेची पहिली फेरी, तर स्टँड भरलेला. आमच्याकडचे पाहुणे, त्यांच्याकडचे पाहुणे, काटोलहून एक आख्खी गाडी. लग्नाला आले होते तेवढेच सगळे पुन्हा आले होते, असं मला वाटून गेलं. वाटलं आणि मी ते सोडून दिलं.

पहिल्या फेरीत लीलाम्मांनी छान सुरुवात केली. जयवंताबाईंनी दांडी घेतली आणि जी मुसंडी मारली, चौथ्यावरून दुसऱ्यावर. मी आखून ठेवलेल्या खडूच्या खुणेवर त्यांचा पाय पडला आणि मी निघाले, हात मागे. दांडी येईना. मी अजून चार पावलं टाकली. दांडी येईना. शेवटी मी नियम मोडून वळून पाहिलं. बाई धावता धावता दांडी डाव्या हातातून उजव्या हातात घेत होती. त्यात पावलं चुकली, खांद्यावर खांदा आदळला, दांडी माझ्या बोटांवरून घरंगळली आणि मी जवळजवळ थांबून ती पकडली. आम्ही चौथ्या आलो. नशीब, वेळेच्या हिशेबात शेवटच्या म्हणून फायनलला लागलो.

माझी शाळा सुटली. सगळ्यांसमोर ओरडले, "काहून बदलला हात? काहून? दहा दिवस काय करून राहिलो होतो आपण इथं?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "एवढे लोक पाहून राहिले होते जी. नाई झालं मले."

दुर्गेश सर बिचारे शांत माणूस. त्यांनी बरेच मार्ग काढून पाहिले. चौथीला टाकू का? मग माझ्या हातून डाव्या हातानं घ्यावी लागेल, तेही तेवढंच. चौघींचेही हात उलटे करू का? दोन दिवसांत कोणाला जमणार? शेवटी ते म्हणाले की रविवारी जयवंताबाईंच्या जागी राखीव असलेल्या रामदासपेठेच्या चारुलताबाई धावतील. दोन सेकंदांनी हळू आहेत, पण हात बदलणार नाहीत. नावं शनिवारी दुपारी बारापर्यंत द्यायची होती. जयवंताबाई म्हणाल्या, "बराबर आहे सर." भारत लिहिलेलं जाकीट काढलं, बाह्या आत घालून नीट घडी केली आणि बाकावर ठेवलं. घरी घेऊन गेल्या नाहीत.

संध्याकाळी जेवताना मी तणतणत होते. जुन्या वळणाच्या बायका, मेंदूत शिरतच नाही, वगैरे. श्वेता पोळ्या वाढत होती. ती थांबली. बारा वर्षांत ती मला उलटून बोललेली नाही, त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

"आई, जुनं वळण नाही हो ते," ती म्हणाली. "माझ्या लग्नात आईनं तुम्हाला मानाची साडी डाव्या हातानं दिली होती. आठवते?"

आठवत होतं. न आठवायला काय झालं? लॉनवर चारशे माणसं. जयवंताबाई साडी घेऊन पुढे आल्या, डाव्या हातानं धरलेली. आणि मी हात मागे घेऊन मोठ्यांदा म्हणाले होते, "डाव्या हातानं देऊन राहिल्या? आमी का भीक मांगाले आलो काय?" माझा आवाज किती मोठा आहे ते सांगितलंच आहे. सगळं लॉन आमच्याकडे बघत होतं. मग त्यांनी पदराआडून उजवा हात काढला. पट्टी बांधलेला. त्या हातानं साडी धरली आणि दिली. पट्टी मी पाहिली, साडी घेतली आणि पुढच्या विधीला लागले. त्यावर मी एक अक्षर कधी बोलले नाही.

"भाजला होता," श्वेता म्हणाली. "आदल्या दिवशी तुमच्याकडे पाठवायच्या फराळाच्या करंज्या तळताना कढई कलंडली. मला म्हणाली, विहीणबाईंना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल."

वामनराव पानातलं वरण बोटानं फिरवत राहिले. मी उठले.

माफी मागायची मला सवय नाही. शाळेत तर कधी लागलीच नाही. फोन करावा असं आधी वाटलं, मग वाटलं, फोनवर कसली माफी? चारशे लोकांत बोलले होते, आता कोपऱ्यात कुजबुजून काय उपयोग? शनिवारी सकाळी सातला मी ट्रॅकसूट चढवला, बाकावरचं ते घडी केलेलं जाकीट मी आदल्या दिवशीच उचलून आणलं होतं ते काखेत मारलं, आणि ऑटोवाल्याला सांगितलं, "कळमना."

बाजारात संत्र्यांचे ढीग लागलेले. मिरगाच्या बहराचा माल आला होता, वास असा की तोंडाला पाणी सुटावं. पंचवीस-तीस बाया ढिगांभोवती बसून निवडत होत्या. हमाल, दलाल, गाड्यांचे ड्रायव्हर, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. निळा ट्रॅकसूट घातलेली, पाठीवर भारत लिहिलेली म्हातारी तिथे रोज थोडीच येते. जयवंताबाई मला पाहून उभ्या राहिल्या. मी म्हणाले, बसा. आणि त्यांच्यासमोर, त्याच गोणपाटावर, मांडी घालून मी बसले.

उजवा हात पुढे केला. "एक संत्रं द्या."

त्यांनी ढिगातलं चांगलं मोठं निवडलं, उजव्या हातानं पुढे केलं.

"डाव्या हातानं."

शेजारच्या बायांचे हात थांबले. जयवंताबाईंनी आजूबाजूला पाहिलं. "विहीणबाई, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," मी म्हणाले, आणि माझा आवाज माझाच होता, हळू होईच ना. "तवाही पाहून राहिले होते. तुमचा हात भाजला होता. माझ्याच फराळाच्या करंज्या तळताना भाजला होता. आणि मी चारशे माणसांत तुमाले काय बोलली ते तुमाले पाठ आहे. मी चुकली. बारा वर्षं मले ते माईत होतं आणि बारा वर्षं मी गप्प बसली. आता द्या."

त्या संत्रं उजव्या हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी ते डाव्या हातात घेतलं. तो हात पुढे आला, अर्ध्यात थांबला, आणि पुन्हा पुढे आला. मी घेतलं. सोललं आणि तिथेच खाल्लं, आख्खं. रस हनुवटीवरून ट्रॅकसूटवर गळला. पलीकडची एक बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग दुसरी, मग सगळ्याच. मी आणखी एक मागितलं. तेही डाव्या हातानं आलं, या वेळी जरा लवकर. तिसरं त्यांनी न मागता दिलं. पाचव्याला मी हात जोडले, की बाई, उद्या धावायचं आहे.

मी काखेतलं जाकीट पुढे केलं. त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि घेतलं. कुठल्या हातानं घेतलं ते मी मुद्दाम पाहिलं नाही. साडेअकराला आम्ही दोघी दुर्गेश सरांसमोर उभ्या होतो. ते म्हणाले, "सत्यवती मॅडम, उद्या परत हात बदलला तर?" मी म्हणाले, तर दोष माझ्या माथी. चारुलताबाई तिथेच होत्या. भली बाई, म्हणाली, "सर, यांनाच धावू द्या. मला तर कालपासून झोप नाही."

रविवारी स्टँड शुक्रवारपेक्षा जास्त भरलेला. काटोलची गाडी एकाऐवजी दोन. कळमन्याच्या बाया अर्ध्या दिवसाचं काम टाकून आल्या होत्या आणि आमच्या सोसायटीच्या बायकांच्या मधोमध बसल्या होत्या. बायकांची रिले ही स्पर्धेतली शेवटची शर्यत. आपल्या खात्यावर तोपर्यंत सात पदकं होती, धावण्याचं एकही नव्हतं.

बंदूक वाजली. लीलाम्मा वळणावरून आल्या, पाचव्या की चौथ्या, मला नीट दिसेना. जयवंताबाईंनी दांडी घेतली. आणि मग ती बाई गाडीच्या दिशेनं निघाली. मी माझ्या जागेवरून बघत होते. एक मागे पडली, दुसरी मागे पडली. सगळं स्टँड उभं राहिलं होतं. दांडी डाव्या हातात होती. पण शुक्रवारीही एवढ्या अंतरावर ती डाव्याच हातात होती.

खुणेवर पाय पडला. मी वळले, निघाले, उजवा हात मागे केला. आता बघायचं नाही. पावलं ऐकू येत होती, लोकांचा आवाज ऐकू येत होता, आणि मी मनात एकच म्हणत होते, नको बदलू, नको बदलू. एवढ्यात मागून आवाज आला. जिचा आवाज फोनवर ऐकू येत नाही ती बाई ओरडली, "घ्या!" आणि माझ्या तळहातावर फाडकन दांडी बसली. अशी बसली की खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी ती मुठीत आवळली आणि वळणावर पळत सुटले. संतोषबाईंकडे दांडी देईपर्यंत मी श्वास घेतला की नाही ते मला सांगता येणार नाही.

जपान पहिलं, थायलंड दुसरं, भारत तिसरा. श्रीलंका आमच्या मागे एका हाताच्या अंतरावर. धावण्याचं ते आपलं पहिलं पदक आणि या खेळांतलं शेवटचं, एकूण आठ. संतोषबाई मैदानावर आडव्या पडून हसत होत्या. लीलाम्मा कपाळाला हात लावून सगळ्यांना नमस्कार करत सुटल्या. वामनराव आणि रुपरावजी स्टँडमध्ये एकमेकांना मिठी मारून नाचत होते. बारा वर्षांत मी त्यांना एकमेकांच्या खांद्याला हात लावतानाही पाहिलं नव्हतं.

पदक गळ्यात पडलं तरी माझा तळहात चुरचुरतच होता. उघडून पाहिला तर दांडीचा लाल पट्टा उमटलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारी जयवंताबाई उभ्या होत्या. मी हात त्यांच्यापुढे धरला.

"काय हो, किती जोरात मारली. बघा."

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठ्यानं तो लाल पट्टा चोळला, पुन्हा चोळला. मला वाटलं आता कपाळाला हात लावतात आणि माफी मागतात. त्यांनी मान वर केली.

"लागू दे वं," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांची बाकी होती."

मग आम्ही दोघी अशा हसत सुटलो की बाकीचे दोन्ही संघ खाली उतरले तरी फोटोवाल्याला आमच्यासाठी थांबावं लागलं.